सी-पॅप यंत्र प्रवासात नेताना

लगीनसराई आणि यात्रांचे दिवस आले की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. ‘डॉक्टर, चार दिवस मशीन नाही लावले तर चालेल ना?’ विचारणारे ‘स्लीप ॲप्निया’चे रुग्ण असतात. या विकारात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबतो, रक्तातील प्राणवायू उतरतो आणि रुग्ण दचकून अर्धवट जागा होतो. असे रात्रभर चालते. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली नाकावाटे सतत दाबाने हवा देऊन हा मार्ग उघडा ठेवण्याची पद्धत मांडली. तेच हे सी-पॅप यंत्र. त्याने विकार मुळापासून जात नाही; ज्या रात्री लावाल त्या रात्रीपुरताच उपयोग. यंत्र घरी ठेवून गेलेला माणूस लग्नघरी पुन्हा घोरू लागतो, आणि परतीच्या वाटेवर गाडी बहुधा त्यालाच चालवायची असते. डुलकी लागायला एक क्षण पुरतो. म्हणून माझे उत्तर ‘नाही’ असेच असते.

मग प्रवासासाठी वेगळे छोटे यंत्र घ्यावे काय? घरचे यंत्र साधारण सव्वा किलोचे, तर ‘एअरमिनी’सारखे छोटे यंत्र तीनशे ग्रॅमचे. वजन ऐकून मन मोहते. पण नळी, मास्क आणि ॲडॉप्टर मिळून पिशवी भरतेच. या यंत्राला पाण्याची टाकी नसते. उच्छ्वासातील ओलावा धरून ठेवणारा छोटा भाग जोडावा लागतो. शिवाय त्याला ठराविकच मास्क बसतात. घरच्या मास्कची सवय झालेली असेल तर आधी हे विचारावे, पैसे मागाहून मोजावेत. ज्यांना ‘बायपॅप’ सांगितले आहे त्यांनी परस्पर छोटे सी-पॅप घेऊ नये. ते वेगळे उपचार आहेत.

खरी अडचण विजेची. रेल्वेच्या डब्यातील पॉइंट मोबाइलसाठी असतात. आगीच्या भीतीने ते रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवण्याचा निर्णय पश्चिम रेल्वेने मार्च २०२१ मध्ये घेतला होता. म्हणजे नेमके झोपेच्या वेळी! ट्रॅव्हल्सच्या स्लीपर बसचीही खात्री नाही. तेव्हा रात्रीचा प्रवास असेल तर बॅटरी हवीच. मोबाइलची साधी ५ व्होल्टची पॉवर बँक चालत नाही. यंत्राला बहुधा १२ किंवा २४ व्होल्ट लागतात. हिशेब सोपा आहे. यंत्र १० वॅट घेत असेल तर आठ तासांना ८० वॅट-अवर, थोडी घट धरून १०० ची बॅटरी एका रात्रीला पुरेल. टाकीतील पाणी तापवणारा हीटर सर्वांत जास्त वीज खातो. तो बंद ठेवल्यास घरचे यंत्रही बॅटरीवर बरेच तग धरते. त्यामुळे वर्षातून दोनदाच बाहेरगावी जाणाऱ्याला मी दुसरे यंत्र घ्यायला सांगत नाही, चांगली बॅटरी घ्यायला सांगतो. विमानात सुटी बॅटरी हातातल्या सामानातच ठेवावी. १०० वॅट-अवरपर्यंतची नेता येते, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते.

चारधामला निघालेल्यांनी यंत्राची पुस्तिका अवश्य पाहावी. अनेक यंत्रे साडेआठ हजार फुटांपर्यंतच वापरण्यास योग्य म्हणून दिलेली असतात, आणि केदारनाथ साडेअकरा हजार फुटांहून उंच आहे. उंचीवर झोपेतला श्वास मुळातच अनियमित होतो. अशा रुग्णांनी निघण्यापूर्वी तपासून घ्यावे.

स्वस्तात जुने यंत्र घेणाऱ्यांसाठीही एक सूचना. फिलिप्स कंपनीने जून २०२१ मध्ये आतील फोम झिजत असल्यामुळे आपली अनेक यंत्रे परत मागवली. त्यांत ‘ड्रीमस्टेशन गो’ हे प्रवासी यंत्रही होते. विकणाऱ्याकडून मॉडेल व क्रमांक घेऊन चौकशी करावी.

नवे यंत्र घरीच तीन-चार रात्री लावून पाहावे. छोट्या यंत्राचा आवाज काहींना (आणि शेजारी झोपणाऱ्यांना) जास्त वाटतो. निघताना टाकी पूर्ण रिकामी करावी, नाहीतर पाणी यंत्रात शिरते. दाबाचा आकडा लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी यंत्राच्याच पिशवीत ठेवावी. विमानतळावर तपासणीत ती उपयोगी पडते, आणि परगावी यंत्र बंद पडले तर तिथल्या डॉक्टरांनाही.