काट्याला सील आहे, पण वाय-फायला कुलूप आहे का?



तळ्यावरच्या काट्याला तोलमाप खात्याचं सील असतं. ते तुटलं तर कुणीही ओळखतो. पण हल्ली बऱ्याच ठिकाणी काट्याचा आकडा कागदावर लिहीत नाहीत. काट्याच्या मागच्या पोर्टला एक छोटी डब्बी जोडतात आणि आकडा वाय-फायवरून थेट ऑफिसच्या संगणकात जातो. ह्या डब्बीला सिरियल टू वाय-फाय अ‍ॅडाप्टर म्हणतात. सील काट्यापुरतं आहे. काट्यापासून खातेवहीपर्यंतच्या वाटेवर राखण करायची ती वाय-फायच्या सेटिंगनेच.

काट्याचं ते पोर्ट म्हणजे आरएस-२३२. ही पद्धत १९६० सालची. वायरीचं एक टोक इथे, दुसरं तिथे, मध्ये कोण येणार? म्हणून त्यात पासवर्ड नाही की काही नाही. तोच आकडा हवेतून पाठवला की आसपासच्या कुणाच्याही मोबाईलपर्यंत पोहोचू शकतो. नेटवर्क उघडं असेल तर बाहेरच्याला आकडा वाचता येतो, डब्बीची सेटिंग बदलता येते, खोटा आकडाही पाठवता येतो. समजा ४० किलो रोहू-कटला तोलला आणि संगणकात ३८ पडले. किलोला १२० रुपये धरले तरी एका टबामागे २४० रुपये गेले. आणि मग भांडण मापाऱ्याशी होतं, ज्याचा काही दोष नाही.

उघड्या वाय-फायमुळे काय होतं ते आपल्या भागाने पाहिलं आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं धमकीचा ईमेल गेला होता. तो नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या वाय-फायवरून गेल्याचं निघालं. पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात गेले. नेटवर्क ज्याच्या नावावर, विचारणा त्यालाच.

आता सेटिंग कसं करायचं ते क्रमाने बघू. मेनूतले शब्द कंपनीप्रमाणे थोडे वेगळे असतील, अर्थ तोच.

१. कारखान्यातला पासवर्ड आधी बदला. सेटिंगच्या पानावर जायला बहुतेक डब्ब्यांना नाव 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्डही 'अ‍ॅडमिन' असतो. २०१६ साली 'मिराई' नावाच्या व्हायरसने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते.

२. मोड ठरवा. नवी डब्बी बहुधा स्वतःचं वाय-फाय सोडते, त्याला एपी मोड म्हणतात, आणि ते पुष्कळदा बिनपासवर्डचं असतं. ऑफिसात राऊटर असेल तर स्टेशन मोड निवडा आणि एपी बंद करा. बंद होत नसेल तर त्यालाही पासवर्ड द्या.

३. सिक्युरिटीमध्ये डब्ल्यूपीए२-पीएसके आणि एन्क्रिप्शनमध्ये एईएस निवडा. 'ओपन' नको. डब्ल्यूईपीही नको, ते मोडता येतं हे २००१ सालीच सिद्ध झालंय. राऊटर फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तर जुनी डब्बी जोडली जाणार नाही. राऊटरवर डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ असा मिश्र पर्याय घ्या. बहुतेक डब्ब्या २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, तेही चालू ठेवा.

४. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा लागतो. इंग्रजी अक्षरं आणि आकडे वापरा, लहान-मोठ्या अक्षरांत फरक धरला जातो. संस्थेचं नाव किंवा मोबाईल नंबर नको. चार-पाच असंबद्ध शब्द जोडले तर लक्षातही राहतो आणि मजबूतही होतो.

५. सेव्ह करा, डब्बी रिस्टार्ट करा. मग १० किलोचं प्रमाणित वजन ठेवा आणि काट्यावरचा व संगणकावरचा आकडा जुळवा.

संगणकात आकड्याऐवजी भलतीच चिन्हं आली तर वाय-फाय ठीक आहे, बॉड रेट चुकलाय. तो काट्याच्या माहितीपुस्तकाप्रमाणे लावा. काहीच आलं नाही तर आधी नेटवर्कचं नाव, पासवर्ड आणि सिक्युरिटीचा प्रकार राऊटरशी तंतोतंत जुळतोय का बघा.

वाय-फायचं नाव लपवलं म्हणजे झालं, असं काही जण समजतात. तसं नाही, लपवलेलं नाव साध्या अ‍ॅपनेही सापडतं. डब्बीवर रीसेटचं बारीक भोक असतं. त्यात पिन दाबून धरली की सगळी सेटिंग पुन्हा कारखान्यासारखी होतात. म्हणून डब्बी कुलपाच्या पेटीत ठेवा. पासवर्ड दोघांनाच ठाऊक असावा, आणि माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी बदलावा. गिऱ्हाइकांना नेट द्यायचं तर राऊटरवर वेगळं गेस्ट नेटवर्क काढा.

डब्बी जुनी असेल आणि फक्त डब्ल्यूईपी देत असेल, तर तिच्यावर पैसे घालवू नका. काटा ते संगणक अंतर १५ मीटरच्या आत असेल तर साधी वायर ओढा. वायर जुनी पद्धत असली तरी तिथे ती जास्त भरवशाची.

बोटमालकांसाठी, विशेषतः ज्यांचे नातेवाईक सातपाटी, वसईकडे समुद्रात जातात त्यांच्यासाठी: जीपीएस आणि फिश फाइंडरची माहिती मोबाईलवर दाखवणारी डब्बी याच जातीची आहे. बोटीवर राऊटर नसतो, त्यामुळे एपी मोडच ठेवावा लागतो. पण त्याला पासवर्ड द्या. नाहीतर शेजारी लागलेल्या बोटीतही तुमची जागा आणि खोली दिसेल.

आणि घरच्या बायाबापड्यांनो, मासळी विकायला तुम्ही जाता तेव्हा पावती घेताना काट्यावरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा एकदा जुळवून बघा. फरक दिसला तर टब काट्यावरून उचलू देऊ नका, तिथेच पुन्हा तोलायला सांगा.

आपला,
सचिव, बडोदे