पहिलं पाऊल

लेकरू वर्षाचं झालं, की घरात एकच विषय. ते कधी चालणार? आजी त्याला भिंतीशी उभं करते. बाप समोर बसून हात पुढं करतो. लेकरू एक पाऊल टाकतं, डुलतं आणि धपकन खाली बसतं.

शेजारणीचं पोर दहाव्या महिन्यात चाललं, आपलं अजून रांगतंच, म्हणून आई झुरते. झुरू नका. काही लेकरं नवव्या महिन्यात चालतात, काही सतराव्या. दोन्ही ठीकच. मात्र दीड वर्ष झालं तरी एकटं चालत नसेल, तर वाट पाहू नका. दवाखान्यात दाखवा.

आपल्याकडे लेकराला जन्मापासून आशीर्वाद मिळतात. पाचवीला सटवीची पूजा होते. बाराव्या दिवशी बारसं होतं. वाढदिवसाला ओवाळतात. वडील माणसं म्हणतात, 'औक्षवंत हो.' औक्ष म्हणजे आयुष्य. 'शतायुषी हो' म्हणजे शंभर वर्षं जग. पूर्वी घरोघर लेकरं दगावत. म्हणून सगळ्या आशीर्वादांत मागणं एकच, हे लेकरू जगू दे.

पण आम्ही म्हणतो, आशीर्वाद तोंडानं द्यावा आणि हातानं पाळावा.

पोलिओनं कितीतरी लेकरांचे पाय लुळे पडले. मग देशभर पोलिओचे डोस पाजले. मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत पोलिओमुक्त ठरवला. तरी डोस चुकवू नका. जन्मल्यावर एक, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी एकेक. पुढचा सोळा ते चोवीस महिन्यांच्या आत. म्हणजे लेकरू चालू लागलं, तरी एक डोस राहिलेला असतो. तो पुष्कळजण विसरतात.

पाय फुटले, की लेकरू चुलीशी जातं, पाण्याच्या हौदाशी जातं. हाती लागेल ते तोंडात घालतं. चूल आडोशाला ठेवा. हौद झाका.

सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते. तिला गड्डा म्हणतात. त्याच दिवसांत घरोघर बोरन्हाण होतं. लेकराला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालतात. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे, शेंगा, उसाचे तुकडे ओततात. मोठी पोरं ते वेचायला धावतात. बोरन्हाण जरूर करा. पण बोराची बी, हरभरा, शेंगदाणा लहानग्याच्या घशात अडकतो. हलव्याचा दाणाही अडकतो. श्वास कोंडला, तर क्षणात जीव जातो. म्हणून लेकराला मांडीवर घ्या. त्याच्या मुठीत काय आहे, ते पाहा. न्हाण आटोपलं, की आधी जमीन झाडून घ्या, मग त्याला खाली सोडा.

वाचा आणि सांगा
१. औक्ष म्हणजे काय?
२. लेकराला दवाखान्यात केव्हा दाखवावं?
३. तुमच्या घरातल्या लेकराचा कोणता डोस राहिला आहे?