मुंबईच्या मॅरेथॉनला निघालेल्या पुतण्यास



पत्र लिहिण्यास कारण की, जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या अर्ध्या शर्यतीसाठी चिरंजीवाचा प्रवेश निश्चित झाल्याचे कळले, आणि कोल्हापूरहून मुंबईस जाण्याची व तेथे राहण्याची व्यवस्था मात्र अद्याप ठरलेली नाही, हेही कळले. सराव महिनोन्महिने नेमाने करायचा आणि मुक्कामाचा विचार शेवटच्या आठवड्यावर टाकायचा, ही नवख्या धावपटूंची सर्वसाधारण रीत आहे. तिच्यामुळे पैसाही जास्त जातो आणि शर्यतीच्या आदल्या रात्रीची झोपही जाते. म्हणून या विषयाची मांडणी येथे थोडी विस्ताराने केली आहे.

प्रथम मूळ तत्त्व ध्यानात घ्यावे. परगावच्या स्पर्धेतला मुक्काम स्वस्त की महाग, हे खोलीच्या भाड्यावरून ठरत नाही. खोलीचे भाडे, तेथून स्पर्धेच्या जागी पोहोचण्याचा खर्च आणि त्या प्रवासापायी मोडणारी झोप, या तिन्हींची बेरीज करून ते ठरवावे लागते. क्रिकेटचा सामना पाहायला जाणाऱ्याची पहिल्या दोन गोष्टींवर नजर असली तरी भागते, कारण त्याला फक्त बसायचे असते. परंतु ज्याला पहाटे एकवीस किलोमीटर धावायचे आहे, त्याच्या हिशेबात झोप हीच सर्वांत महाग बाब असते.

आता स्पर्धेचे स्वरूप पाहू. मुंबई मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली आणि साधारणपणे ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. 42.195 किलोमीटरची पूर्ण शर्यत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून, म्हणजे सीएसएमटीपासून, सुटते, 21.097 किलोमीटरची अर्धी शर्यत मात्र अलीकडच्या वर्षांत माहीमच्या रेती बंदरापासून सुटते आणि दक्षिण मुंबईत संपते. दोन्ही शर्यती पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतात. याचा अर्थ असा, की एकाच स्पर्धेच्या दोन धावपटूंना मुक्कामाची दोन वेगळी ठिकाणे सोयीची ठरतात: पूर्ण शर्यतीच्या धावपटूने फोर्ट, धोबीतलाव वा मशीद बंदर या भागांत राहावे, आणि अर्ध्या शर्यतीच्या धावपटूने माहीम, माटुंगा वा दादर येथे. मित्र सीएसएमटीजवळ उतरले म्हणून चिरंजीवानेही तेथेच उतरणे, हा स्नेह झाला, पण नियोजन झाले नाही.

जाण्यासाठी कोल्हापूर–मुंबई महालक्ष्मी एक्सप्रेस ही सर्वांत सोयीची गाडी आहे, कारण ती रात्री सुटून सकाळी सीएसएमटीला पोहोचते आणि एका रात्रीच्या मुक्कामाचे पैसे वाचवते. शुक्रवारी रात्री निघून शनिवारी सकाळी पोहोचावे आणि रविवारी रात्री त्याच गाडीने परतावे, म्हणजे मुंबईत केवळ शनिवारची एक रात्र भाड्याने काढावी लागते आणि रजाही शनिवारपुरतीच लागते. रेल्वेचे आगाऊ आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी खुले होते. महिन्याचा तिसरा रविवार 15 ते 21 तारखांच्या दरम्यानच येत असल्याने आदल्या शुक्रवारचे आरक्षण 14 ते 20 नोव्हेंबरच्या दरम्यान केव्हातरी सकाळी आठ वाजता खुले होईल, आणि परतीचे त्यानंतर दोन दिवसांनी. ती तारीख आजच दिनदर्शिकेत नोंदवून ठेवावी, कारण याच आठवड्याला लागून मकरसंक्रांत येते आणि गाड्यांना गर्दी असते. आरक्षण हुकले तर ‘तत्काळ’ची सोय आहे, म्हणजे प्रवासाच्या आदल्या दिवशी वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहाला आणि इतर डब्यांसाठी अकराला खुला होणारा जादा दराचा कोटा, परंतु तो मिनिटांत संपतो, आणि जुलै 2025 पासून त्यासाठी आधारशी जोडलेले खाते आवश्यक झाले आहे. म्हणून त्यावर विसंबू नये. खेळाडूंना रेल्वेभाड्यात सवलत मिळते, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतील. ती स्पर्धेच्या प्रकारानुसार प्रमाणपत्रावर मिळत असे आणि मार्च 2020 मध्ये इतर अनेक सवलतींबरोबर स्थगित झाली, तेव्हा तिचा हिशेबात समावेश करू नये.

रेल्वे न मिळाल्यास एसटी हा दुसरा पर्याय होय. सोबत मातोश्री येणार असतील, तर मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे पडते, ही गोष्ट हिशेब पालटू शकते. खासगी शयनयान बसचे दर गर्दीच्या दिवसांत चढतात. त्यांना एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक आकारता येत नाही, असा राज्य शासनाचा 2018 चा निर्णय आहे, आणि तो माहीत असलेला प्रवासी निदान दर विचारताना दबत नाही.

शनिवारचे एक काम टाळता येत नाही. धावपटूच्या छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद, ज्याला ‘बिब’ म्हणतात, तो शर्यतीच्या दिवशी मिळत नाही. आधीच्या दिवसांत वांद्रे–कुर्ला संकुलातील प्रदर्शनात छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवून तो घ्यावा लागतो. पूर्वी यासाठी लोकल, मग बस वा शेअर रिक्षा असा वळसा पडे. ऑक्टोबर 2025 मध्ये मेट्रो 3 कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाल्याने आता सीएसएमटीला उतरून त्याच मेट्रोने थेट वांद्रे–कुर्ला संकुलात जाता येते, आणि काम आटोपल्यावर उलट दिशेच्या मेट्रोने धारावी व शीतलादेवी ही स्थानके मागे टाकून दादरला उतरता येते. अशा रीतीने शनिवारी दुपारपर्यंत धावपटू मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचतो आणि पायांना विश्रांती मिळते.

आता मुक्कामाचा मुख्य प्रश्न. मराठी घरांत पहिला विचार नातलगांचा होतो आणि तो वावगा नाही. परंतु नातलग कोठे राहतात, हे पाहणे आवश्यक आहे. डोंबिवलीच्या आत्याकडे उतरल्यास भाडे शून्य पडते हे खरे, पण तेथून अर्ध्या शर्यतीच्या धावपटूला मध्य रेल्वेने दादरला यावे लागते, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची धीमी गाडी पकडावी लागते आणि मग माहीमला उतरून चालावे लागते. मॅरेथॉनच्या पहाटे रेल्वे विशेष लोकल सोडते, त्यांत कल्याण आणि पनवेलहून तीनच्या सुमारास निघणाऱ्या गाड्याही असतात. तथापि सीएसएमटीच्या प्रारंभरेषेवर जाणाऱ्यांना त्या जितक्या उपयोगी, तितक्या माहीमला जाणाऱ्यांना नाहीत. वसई–विरारकडचे नातलग पश्चिम मार्गावरचे असले, तरी जलद लोकल माहीमला थांबत नाही, ही बारीक बाब वेळापत्रकात पाहून घ्यावी. शिवाय पहाटे अडीचला सारे घर जागे करणे यजमानांना कितपत सोयीचे, याचाही विचार पाहुण्याने करायचा असतो. नातलगांकडे जायचेच असेल, तर रविवारी शर्यतीनंतर जेवायला जावे. त्यात त्यांचाही मान राहतो आणि आपलीही झोप राहते.

मुंबईत गावाच्या आधाराने राहण्याची जुनी परंपरा आहे. धोबीतलाव परिसरातले गोवेकरांचे ‘कूड’, म्हणजे एकेका गावाने आपल्या खलाशी व नोकरदार मंडळींसाठी चालवलेली सामायिक निवासस्थाने, आणि लालबाग–परळच्या चाळींतल्या कोकण व घाटावरील गावांच्या गावकीच्या खोल्या ही तिची उदाहरणे होत. आपल्या गावाची अशी खोली असल्यास ओळखीने एका रात्रीची सोय होऊ शकते. मात्र तेथे अंथरूण जमिनीवर, शौचालय सामायिक आणि दिवा मालवण्याची वेळ सर्वांच्या सोयीची, हे गृहीत धरावे. आमदारांच्या पत्रावर आकाशवाणी आमदार निवासात जागा मिळवण्याची वाट अनेकांना ठाऊक असते. त्याचप्रमाणे दादरला स्वस्त निवास शोधताना संत गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेचे नाव पुढे येईल. ती धर्मशाळा परळच्या रुग्णालयांत उपचार घेणाऱ्या रुग्णांची व त्यांच्या सोबत्यांची आहे, आणि आमदार निवासाचा आधारही बहुतांशी अशाच गरजूंना लागतो. हौसेने धावणाऱ्याने त्या जागांवर हक्क सांगू नये. चार पैसे वाचवण्याची ही रीत शोभणारी नाही.

उरतात ते रेल्वेचे आणि खासगी पर्याय. निश्चित वा आरएसी तिकीट असलेल्या प्रवाशास (आरएसी म्हणजे बसण्याची हमी, झोपण्याची नव्हे) स्थानकावरील रिटायरिंग रूम किंवा डॉर्मिटरी, म्हणजे अनेक खाटांची सामायिक खोली, तिकिटावरील पीएनआर क्रमांकाच्या आधारे आरक्षित करता येते. मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर 2021 पासून झोपण्यापुरत्या कप्प्यांचे, म्हणजे पॉडचे, निवासस्थानही आहे. या जागा स्वच्छ व सुरक्षित असल्या तरी चिरंजीवाच्या प्रारंभरेषेपासून दूर आहेत, म्हणून दादर–माटुंग्यातले साधे लॉज हाच पहिला पर्याय मानावा आणि दोघातिघांनी मिळून एक खोली घ्यावी.

लॉज ठरवताना संकेतस्थळावरच्या छायाचित्रांवर न थांबता दूरध्वनीवरून काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. पहिली, ‘चेकआउट’ दुपारी बाराला आहे की आल्यापासून चोवीस तासांनी. दोन्ही पद्धती मुंबईत चालतात, आणि शनिवारी दुपारी एकला येणाऱ्याला दुसरी पद्धत रविवारी एकपर्यंत वेळ देते. दुसरी, सांगितलेला दर करासह आहे की कर वेगळा लागणार. तिसरी, तिसऱ्या माणसाच्या गादीचे वेगळे पैसे आहेत काय. चौथी, पहाटे साडेतीनला मुख्य दार कोण उघडणार. अनेक लहान लॉजांत रखवालदार शटर ओढून आत झोपतो आणि त्याला रात्रीच सांगून ठेवावे लागते. पाचवी, खोली रस्त्याच्या बाजूची आहे काय. दादरच्या फुलबाजाराला पहाटेच जाग येते आणि त्या बाजूच्या खिडकीची झोप अल्पायुषी ठरते. आगाऊ रक्कम मागितल्यास एका रात्रीच्या भाड्याहून अधिक देऊ नये, आणि पैसे घेणाऱ्या खात्यावरचे नाव लॉजशी जुळते की नाही, हे पाहिल्याविना ती पाठवूच नये.

रविवारच्या पहाटेचा प्रवास अंतराने थोडा, पण नियमांनी गुंतलेला आहे. चर्चगेटहून पहिली नेहमीची लोकल सव्वाचारच्या सुमारास सुटते. ती दादरमार्गे माहीमला पोहोचेपर्यंत प्रारंभरेषेवर हजर राहण्याची वेळ उलटत आलेली असते. मेट्रो 3 ची नियमित सेवा सहाच्या आसपास सुरू होते, म्हणून तीही कामाची नाही. कोणी वांद्र्याला राहण्याचे सुचवील, कारण नकाशावर माहीम खाडीपलीकडेच दिसते. परंतु रिक्षांना वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेस येण्याची परवानगी नसल्याने वांद्र्याच्या धावपटूला रिक्षा सोडून पुढे टॅक्सी शोधावी लागते. दादरहून मात्र थेट टॅक्सी मिळते. फेब्रुवारी 2025 पासून टॅक्सीचे किमान भाडे 31 रुपये आहे आणि मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत सव्वापट आकारणी होते. तरीही तीन-साडेतीन किलोमीटरच्या या प्रवासाला मीटरप्रमाणे शंभराच्या आतच खर्च येतो, आणि तो तिघांत वाटला जातो. मार्गावरचे रस्ते शर्यतीसाठी बंद होत असल्याने पावणेचारच्या आत निघावे, आणि शेवटचा टप्पा चालावा लागेल असे समजूनच निघावे.

परतीचे काम त्या मानाने सोपे आहे. शर्यत संपते त्या भागातून सीएसएमटी जवळ असल्याने लोकलने दादरला यावे, आंघोळ करून खोली वेळेत सोडावी आणि सामान लॉजच्या काउंटरवर किंवा सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवावे; क्लोकरूमला कुलूप लावलेली बॅग आणि प्रवासाचे तिकीट लागते, म्हणून कुलूप कोल्हापुरातूनच न्यावे. सकाळी सुटणाऱ्या कोयना एक्सप्रेसने परतण्याचा मोह धरू नये. ती गाडी गाठण्याच्या घाईत शर्यतीचा आनंद आणि पायांची काळजी दोन्ही सुटतात.

तात्पर्य, खर्च वाचवायचा तो रस्त्यावर आणि खोलीच्या थाटात. झोपेत आणि प्रारंभरेषेच्या जवळिकीत काटकसर करू नये. चिरंजीवाने येत्या रविवारी दादरच्या चार लॉजांना दूरध्वनी करून वरील पाच प्रश्न विचारावेत, मिळालेले दर कागदावर मांडावेत, आणि आरक्षण खुले होण्याच्या दिवशी सकाळी आठला संगणकापुढे बसावे. तेवढे झाले की उरलेले लक्ष सरावाकडे द्यावे.

कळावे. काकांचे अनेक आशीर्वाद.