युगान्त आणि प्रकटीकरण

‘अपोकॅलिप्स’ हा शब्द आज सर्वनाश या अर्थी वापरला जातो. वस्तुतः हा मूळचा ग्रीक शब्द असून ‘झाकलेले उघड करणे’ हा त्याचा अर्थ होय. म्हणूनच पवित्र शास्त्रातील शेवटच्या पुस्तकास मराठीत ‘प्रकटीकरण’ हे यथार्थ नाव मिळाले आहे. या दोन अर्थांतील भेद ध्यानी धरला, तर या विषयावरील ग्रंथांची व चित्रपटांची पारख करणे सोपे जाते.

या पुस्तकाचा कर्ता योहान पात्म नामक बेटावर होता. त्याने आशिया प्रांतातील, म्हणजे हल्लीच्या तुर्कस्तानाच्या पश्चिम भागातील, सात मंडळ्यांस उद्देशून ते लिहिले. त्याचा काळ इ. स. ९५ च्या सुमाराचा, सम्राट दोमितियनच्या अमदानीचा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रोमी साम्राज्यात सम्राटास देवाप्रमाणे भजले जाई. त्यापुढे या मंडळ्या अगदी दुर्बळ होत्या. अशा लोकांस श्वापदे, शिक्के व कर्णे यांच्या चित्रांतून सांगितले गेले की, जुलमी सत्ता चिरंतन नाही. पुस्तकाचा शेवटही विध्वंसात होत नसून नव्या आकाशात व नव्या पृथ्वीत होतो.

तथापि या सांत्वनपर लेखनाचे कित्येकांनी पंचांग केले. अमेरिकेतील विल्यम मिलर याने दानीएलाच्या पुस्तकावरून गणित मांडले आणि त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस निश्चित केला. सहस्रावधी लोक वाट पाहत राहिले. कित्येकांनी शेतातील पीकही काढले नाही. दिवस आला तसा गेला. पुढे माया लोकांच्या कालगणनेवरून २१ डिसेंबर २०१२ या दिवसाविषयी अशीच आवई उठली, व तिच्या आधारे २००९ साली ‘२०१२’ हा चित्रपट निघाला. तोही दिवस इतर दिवसांसारखाच मावळला. वास्तविक तो दिवस व ती घटका कोणासही ठाऊक नाही, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात स्पष्ट आहे.

मात्र सर्वच चित्रपट केवळ भय विकतात असे नव्हे. स्वीडनचे दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांनी १९५७ साली ‘सातवा शिक्का’ या अर्थाच्या नावाचा चित्रपट केला. ते नाव प्रकटीकरणाच्या आठव्या अध्यायातील आहे. त्यात महामारीने ग्रासलेल्या देशात एक सरदार प्रत्यक्ष मृत्यूशी बुद्धिबळ खेळतो. आपण हरणार हे उमगल्यावर तो पटावरील मोहरी मुद्दाम पाडतो, आणि तेवढ्या अवधीत एक गरीब नट बायकामुलासह निसटून जातो. उरलेला वेळ त्याने दुसऱ्यांसाठी खर्चिला.

२० नोव्हेंबर १९८३ रोजी अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर ‘द डे आफ्टर’ हा चित्रपट दाखविण्यात आला. अणुयुद्धानंतर कॅन्सस प्रांतातील सामान्य कुटुंबांची होणारी दैना त्यात आहे. सुमारे १० कोटी लोकांनी तो पाहिला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो आधीच पाहून आपण फार खिन्न झाल्याचे रोजनिशीत नमूद केले होते. येथील संहार आकाशातून ठरलेल्या घटकेस येत नाही. तो मनुष्यकृत आहे, अर्थात मनुष्यास टाळता येण्याजोगा आहे.

यास्तव विद्यार्थ्यांनी अशी पुस्तके वाचताना वा चित्रपट पाहताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत: यात काय नष्ट झाले, आणि यात काय उघड झाले? दुसऱ्या प्रश्नास ज्यात उत्तर नाही, त्याच्या भयाने कोणी अभ्यास वा पेरणी थांबवू नये. पालकांनीही मुलांचे असले प्रश्न हसण्यावारी न नेता त्यांच्यासह बसून त्यांचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.