म्हैसूरच्या हॉटेलांनी शिकवलेली बोली

म्हैसूरला राहायला आले आणि माझं कन्नड हॉटेलांतून सुरू झालं. इथल्या ऑर्डरीच्या बोलीत काटकसर आहे, सोबत आहे, इतिहासही आहे. नव्याने येणाऱ्या मराठी माणसाला म्हणून हे सांगावंसं वाटतं.

1. कॉफी 'बाय टू' सांगा. एका कॉफीचे दोन पेले होतात. तिघं असाल तर 'टू बाय थ्री': दोन कॉफ्या, तीन पेले. आपलं कटिंग एकट्यालाही चालतं. बाय टूला सोबती लागतोच. कुणी तुमच्यासाठी बाय टू सांगितली, की घाई करू नका, गप्पांना बसा.

2. 'डिप' की 'सेपरेट', हे आधीच ठरवा. डिप म्हटलं की इडली-वडा सांबारात बुडूनच येतो. सेपरेट म्हटलं की सांबार वाटीत. रांगेत एवढा एक शब्द पुरतो. उभ्याने खायच्या अशा हॉटेलांना 'दर्शिनी' म्हणतात, ते बंगळूरच्या जयनगरात 1983 साली निघालेल्या 'कॅफे दर्शिनी'वरून.

3. 'बात' म्हणजे दरवेळी भात नव्हे. कन्नडमध्ये भाताला अन्न आणि वांग्याला बदनेकायी म्हणतात, तरी हॉटेलात मिळतो तो 'वांगी बात'. आपली बोली इथल्या चुलीपर्यंत किती आधीच पोचली, ते यातून कळतं. पण 'खारा बात' म्हणजे उपमा आणि 'केसरी बात' म्हणजे शिरा. 'चौ चौ बात' मागवा. एका ताटलीत दोन मुदी येतात, एक तिखट, एक तुपाने चकाकणारी केशरी.

4. 'मिलिटरी हॉटेल' म्हणजे मांसाहारी खानावळ. बंगळूरला आलेल्या मराठा सैनिकांच्या जेवणावरून हे नाव पडलं, असं सांगतात. तिथलं 'शिवाजी मिलिटरी हॉटेल' प्रसिद्धच आहे. म्हैसूरमध्ये मंडी मोहल्ल्यातला मटण पुलाव चुकवू नका.

5. वेटरला इथे 'सप्लायर' म्हणतात. हाक मात्र 'अण्णा' अशीच मारावी. एखादा शब्द अडला तर त्यालाच विचारा. ही बोली घडवली ती दिवसभर ताटल्या उचलणाऱ्या आणि ऑर्डरी ओरडून सांगणाऱ्या माणसांनी. तिचा मान त्यांना द्या. गाव लवकर आपलं होतं.