जुन्या सर्व्हरसाठी डिस्क घेताना

सुरतच्या रिंग रोडवरच्या कापड मार्केटांत, पांडेसरा-सचिनच्या मिलांत, वराछा-कतारगामच्या हिऱ्यांच्या कारखान्यांत दहा-बारा वर्षांपूर्वीचे सर्व्हर आजही रोज चालतात. हिशेब, चलनं, साड्यांच्या डिझाइनच्या फाइली, सगळं त्यांच्यावरच असतं. मशीन ठणठणीत असताना शेठनं नवीन का घ्यावं? मला ते पटतं. पण डिस्क गेली की धावपळ सुरू होते आणि दुकानात जी मिळेल ती आणली जाते. उधना-लिंबायतकडची आपली खानदेशी पोरं आता या कामात येत आहेत. हे मुख्यतः त्यांच्यासाठी.

१. डिस्क दुकानदारानं नव्हे, रेड कार्डानं, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डानं, पसंत करायची असते. सर्व्हर उघडल्यावर आधी कार्डाचं नाव आणि त्यावरचं फर्मवेअर लिहून घ्या. डेलचं पर्क ६/आय किंवा एलएसआयच्या १०६८ चिपवरची कार्डं २ टीबीच्या पुढची डिस्क पूर्ण वापरूच शकत नाहीत. कारण सरळ आहे: त्यांचा सेक्टरचा पत्ता ३२ बिटांचा, आणि ५१२ बाइटचा सेक्टर धरला की हिशेब साधारण २.२ लाख कोटी बाइटवर थांबतो. तिथे ४ टीबीची डिस्क लावली तर अर्धी जागा वाया जाते किंवा डिस्क दिसतच नाही. काही कार्डं परकी डिस्क स्वीकारतही नाहीत. डेलनं २०१० मध्ये एच७०० कार्डावर स्वतःच्या प्रमाणित डिस्कखेरीज बाकीच्या अडवल्या होत्या. ग्राहकांनी आरडाओरडा केल्यावर त्याच वर्षी नव्या फर्मवेअरनं ती अट उठली. म्हणून त्या काळच्या मशीनवर आधी फर्मवेअर बघायचं, मग डिस्कला दोष द्यायचा.

२. साटा डिस्क सासच्या खाचेत बसते आणि बहुतेक वेळा चालते. सास डिस्क साटाच्या खाचेत बसत नाही. एकाच अ‍ॅरेत, म्हणजे डिस्कच्या एका गटात, दोन्ही मिसळू नका.

३. सेक्टरचा प्रकार लेबलवर बघा. ५१२एन आणि ५१२ई जुन्या कार्डावर बहुधा चालतात. ४केएन, म्हणजे मुळातच ४०९६ बाइटचा सेक्टर असलेली डिस्क, जुन्या कार्डाला कळत नाही. याहून जास्त फसवा माल म्हणजे मोठ्या स्टोरेज कॅबिनेटांतून उतरवलेल्या सास डिस्क. त्या स्वस्त मिळतात, दिसायला मजबूत असतात, पण पुष्कळांचा सेक्टर ५२० बाइटचा असतो. सर्व्हर त्यांना ओळखतो, अ‍ॅरेत मात्र घेत नाही. साध्या, रेड नसलेल्या एचबीए कार्डावर लावून, लिनक्समधून लो-लेव्हल फॉरमॅट करून त्या ५१२ वर आणता येतात, पण त्यात कित्येक तास जातात. पार्टीचं बिलिंग बंद पडलेलं असताना हे करायला वेळ नसतो. असा माल घ्यायचाच तर आधी घ्या, तयार करून ठेवा.

४. घरच्या संगणकाची डिस्क रेडमध्ये लावू नये, हे मी ठामपणे सांगतो. खराब सेक्टर लागला की ती डिस्क तो वाचण्यासाठी बराच वेळ खटपट करत बसते. तेवढा वेळ उत्तर आलं नाही की कार्ड तिला मेलेली समजून बाहेर काढतं. सर्व्हरसाठीची डिस्क साधारण ७ सेकंदांत हात टेकते आणि पुढचं काम कार्डावर सोपवते. एसएमआर डिस्कही टाळा. तिच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात, त्यामुळे रिबिल्डच्या, म्हणजे नव्या डिस्कवर माहिती पुन्हा उभी करण्याच्या, सलग लिखाणात ती रांगते. वेस्टर्न डिजिटलनं एप्रिल २०२० मध्ये मान्य केलं की ‘डब्ल्यूडी रेड’ मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत. तेव्हापासून नुसतं मालिकेचं नाव पुरत नाही. पूर्ण मॉडेल नंबर तपासा.

५. नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्यापेक्षा मोठी हवी. दोन कंपन्यांच्या ‘५०० जीबी’त थोड्या सेक्टरांचा फरक असू शकतो, आणि एक सेक्टर कमी पडला तरी कार्ड नाही म्हणतं. शंका असेल तर एक पायरी मोठी घ्या.

६. जुन्या मॉडेलची ‘नवीन’ डिस्क मिळाली तर चालू तास बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या वापरलेल्या डिस्क विक्रेत्यांनी नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. डिस्कच्या स्मार्ट नोंदीतले तास पुसलेले होते, पण फार्म नावाच्या दुसऱ्या नोंदीत खरे तास शिल्लक होते. दोन्ही वाचा.

७. ऑगस्ट २००६ च्या पुरात उकाई धरणाचं पाणी शहरात शिरलं, तेव्हापासून इथे सर्व्हर तळमजल्यावर ठेवायला लोक कचरतात. पण तो पोटमाळ्यावर चढवला की दुसरं दुखणं येतं: उकाडा आणि कापडाचा तंतू. पंख्याच्या जाळीवर तंतूचा थर बसतो आणि नवीन डिस्कही तापते. डिस्क बदलायला गेलात की जाळी साफ करूनच या.

८. मार्केट दिवाळीला बंद होतं आणि लाभपाचमला उघडतं. रिबिल्डसाठी हा काळ चांगला, पण वर्षानुवर्षं चालू असलेल्या डिस्क बंद करून पुन्हा सुरू करताना बसण्याचा धोका असतो. म्हणून मशीन बंद न करता, चालू स्थितीत बदला. काढताना खाचेचा नंबर दोनदा बघा: डेलची मोजणी शून्यापासून सुरू होते, एचपीची एकापासून. रेड ५ मध्ये एक डिस्क गेलेली असताना चुकून दुसरी, चांगली डिस्क ओढली की अ‍ॅरे संपला.

९. रिबिल्डमध्ये उरलेल्या सगळ्या जुन्या डिस्क शेवटपर्यंत वाचल्या जातात, आणि त्याच वेळी दुसरी जाण्याची भीती सर्वांत जास्त असते. तेव्हा खराब डिस्कला हात लावण्याआधी बॅकअप घ्या, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून, त्यातलं एक बिल प्रत्यक्ष वाचून बघा.