प्रेसमधली नोकरी

प्रश्न : आमचे आजोबा अकोल्यात ‘प्रेसमध्ये’ होते म्हणतात. ते पत्रकार होते का?
– एक वाचक, अमरावती

उत्तर : बहुधा नाही. वऱ्हाडात जिन आणि प्रेस ही जोडी कापसाची. जिनात सरकी निघते, प्रेसमध्ये रुई दाबून गाठ बांधतात. आजची प्रमाण गाठ 170 किलोची. ‘प्रेस’ या मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थच दाबणे. छापखान्यात शाई लावलेल्या अक्षरांच्या खिळ्यांवर कागद दाबत, म्हणून तोही प्रेस. पुढे वृत्तपत्रे, पत्रकार आणि (अधिकार असो-नसो) मोटारसायकलवरची पाटीही! शर्टाची इस्त्रीसुद्धा प्रेसच. आजोबांचे जुने कागद पाहा. त्यांत गाठींचे हिशेब असतील, तर ते कापसाच्याच प्रेसमध्ये होते.